म्हशीच्या वाटणीची पेज

बयाबाईंचा भात बघायला माणसं येत. हसू येत असेल तर हसा, पण येत. १९५४ साली कोल्हापुरात दसरा चौकाच्या आसपास जेवढी म्हणून विद्यार्थ्यांची बोर्डिंगं होती, त्या सगळ्यांचे आचारी काही ना काही निमित्त काढून शुक्रवार पेठेतल्या त्या एका बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात डोकावून जात. कुणाला चार इंगळ हवे असत, कुणाला मोठी पळी. डोळे मात्र परातीवर. परातीत चाळीस माणसांचा भात पसरलेला असे, पांढराशुभ्र, मोकळा, शिताला शीत चिकटलेलं नाही. बयाबाई पाठ फिरवून उभ्या राहत आणि आपल्याला काही दिसलंच नाही असं दाखवत. अभिमान लपवायची त्यांची ही रीत होती. ती त्यांना मुळीच जमत नसे.

बयाबाई तेव्हा चाळिशीच्या. उंच, हाडापेरानं रुंद, आवाज असा की स्वयंपाकघरातून हाक मारली तर रस्त्यावरचा टांगेवाला घोडा आवरी. लढाईच्या दिवसांत त्या या बोर्डिंगच्या चुलीपुढे बसल्या. त्यांचा नवरा जोतीराम दरबारच्या पागेत घोड्यांची चाकरी करी. संस्थान विलीन झालं, पागा मोडली, आणि जोतीराम बायकोच्या पाठोपाठ बोर्डिंगात आला. बोर्डिंगची एकुलती एक म्हैस सांभाळायला. "घोड्यावरनं म्हशीवर आलो," असं तो ज्याला त्याला स्वतःच सांगे, म्हणजे दुसऱ्या कुणी सांगायला उरत नसे.

या भातामागे बयाबाईंनी फार सोसलं होतं, हे आधी समजून घ्या. दहा-अकरा वर्षं रेशनच्या धान्यावर पोरं पोसायची म्हणजे काय, हे आता कुणाला सांगून कळायचं नाही. तांदूळ यायचा तो तांबूस, जाडाभरडा, खडे वेगळे. तो संपला की परदेशातली लाल ज्वारी. पोरं नाकं मुरडत आणि बयाबाईंना ऐकवत, "आक्का, आज भात हाय का मुरूम?" हातात कसब असून ते दाखवायला जिन्नस नाही, यासारखं दुःख स्वयंपाकिणीला दुसरं नसतं. ५४च्या पावसाळ्यात धान्यावरचा कंट्रोल उठला. बोर्डिंगचे चिटणीस हंबीरराव, निवृत्त मामलेदार, स्वतः लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात गेले आणि गिरणीत तीन-तीन वेळा सडून, सगळा कोंडा काढून पांढरा केलेला तांदूळ बैलगाडीभर घेऊन आले. पोतं सोडून त्यांनी मूठभर तांदूळ बयाबाईंच्या पुढे धरला.

"बघा. आता आपली पोरं साहेबाच्या पोरासारखी जेवतील."

बयाबाईंनी तो तांदूळ पाच पाण्यांनी धुतला. पाचवं पाणी आरशासारखं निवळ येईपर्यंत त्या थांबत नसत. मग भरपूर आधणात शिजवून, भांड्यावर वेळणी घालून सगळी पेज निथळून काढत. धुण्याचं पाणी, पेज, मुळ्याचा पाला, भाज्यांची देठं, सगळं मागच्या दाराशी म्हशीच्या घमेल्यात. भाजी बारीक चिरून मग खळखळून धुवायची, म्हणजे माती राहत नाही. डाळीत चिमूटभर सोडा, म्हणजे लोण्यासारखी शिजते. स्वच्छता आणि टापटीप यांत बयाबाईंवर बोट ठेवायला जागा नव्हती. गंमत अशी, की सगळा घोळ तिथंच होता.

बोर्डिंगात पोरं दोन तऱ्हेची होती. अडतीस फी भरून जेवणारी. यांना दोन्ही वेळ भात, आमटी, भाजी, सकाळी एक चपाती. आणि बारा गठुळ्याची. या बारांना राहायला जागा फुकट होती, जेवण नव्हतं. त्यांच्या आया राधानगरी, गारगोटी, कागलकडच्या गावांतून पहाटे भाकऱ्या थापून, फडक्यात बांधून पहिल्या एष्टीत ड्रायव्हरच्या हाती ठेवत. पोरं स्टँडवर जाऊन आपापलं गठुळं ओळखून घेऊन येत. भाकरी, खर्डा, कधी माठाची नाहीतर अंबाड्याची भाजी, कधी गाडग्यात दही. स्वयंपाकघरातून त्यांना फक्त एक पळी आमटी मिळे. ही बारा पोरं मागच्या पडवीत बसत आणि फीची पोरं आत पाटावर. कुणी तसा नियम लिहिलेला नव्हता. गरजच पडली नाही.

सकाळची भाकरी संध्याकाळपर्यंत कडक होई. मग गठुळ्याची पोरं मागच्या दाराशी वाट्या घेऊन उभी राहत. "आक्का, वाईच पेज घाला की." गरम पेजेत मीठ टाकून भाकरी कुस्करायची आणि ओरपायची. जोतीरामला याचा राग.

"माझ्या म्हशीच्या वाटणीची पेज पित्यात ही," तो म्हणे. "म्हस काय एष्टीनं गठुळं मागवणार हाय व्हय?"

दिवाळीपर्यंत सारं आनंदात चाललं. डिसेंबर निम्मा सरला, आणि एका दुपारी बाळासो नावाच्या पोरानं आमटीची वाटी ताटाबाहेर सारली.

हा बाळासो हातकणंगल्याकडच्या बागायतदार पाटलाचा मुलगा, अंगानं आडवा, तोंडानं त्याहून आडवा. हिरवी मिरची नुसती चावून खाणारा गडी. त्यानं आमटी सारली म्हणजे कोल्हापुरात काहीतरी बिघडलं.

"का रं?" बयाबाई म्हणाल्या.

"आग व्हतीया तोंडात."

त्याच्या ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा गेल्या होत्या. जीभ लालभडक. बयाबाईंनी उष्णता झाली म्हणून सब्जा भिजवून दिला, चिरांना तूप लावलं. चार दिवसांनी तसली तोंडं सहा झाली, महिन्यात चोवीस. त्यांनी तिखट निम्म्यावर आणलं, मग पाव केलं. पोरांनी आमटी तरीही सारली. आता ती तिखटही नव्हती आणि चांगलीही नव्हती. पोरं मरगळली, पुस्तकावर डुलक्या घेऊ लागली. दहाजण सरकारी दवाखान्यात जाऊन गोळ्यांच्या चिठ्ठ्या घेऊन आले, आणि त्या चिठ्ठ्या ट्रंकांत पडून राहिल्या. कागलकडचा एक बाप आला, पोराचं तोंड बघितलं आणि ट्रंक उचलून पोराला घेऊन गेला. जाताना त्यानं दारातच सांगितलं, आणि पुढे एष्टीभर सांगितलं, की बोर्डिंगातल्या बाईचा हात घाण आहे.

दुसऱ्या दिवशी हंबीरराव आले. काठीनं भांडी वाजवून बघितली.

"कल्हई कधी केली?"

"दिवाळीच्या आदी."

"परत करा. पाणी गाळता?"

"दोनदा, साहेब."

"फडकं धुता का?"

बयाबाईंनी फडकं आणून हंबीररावांच्या हातात दिलं. ते हंबीररावांच्या धोतराहून पांढरं होतं. ते हंबीररावांनाही दिसलं, पण माणूस मामलेदार. एकदा लिहिलेला शेरा खोडायची सवय नाही.

कल्हई झाली. हौद घासला. तोंडं बरी होईनात. फेब्रुवारी लागताना हंबीररावांनी बसायला पाटही न घेता उभ्याउभ्याच निकाल सांगितला. "कमिटीत ठरलंय. पाडव्यापासून गुंडू आचाऱ्याला आणणार. तुमच्यावर माझा वैयक्तिक राग नाही."

गुंडू आचारी म्हणजे पलीकडच्या पेठेतल्या मोठ्या बोर्डिंगचा. विस्तव मागायच्या निमित्तानं परात बघून जाणाऱ्यांतला एक. बयाबाईंना पगाराची काळजी फार नव्हती. हातपाय धड होते. पण "हात घाण" हा शिक्का घेऊन कोल्हापुरात कुठल्या चुलीपुढे बसणार? स्वयंपाकिणीला हात सोडून दुसरं असतं काय? पाडव्याला पन्नास दिवस होते. तेवढ्यात हा डाग धुऊन निघाला नाही, तर तो जन्माचा.

त्या दिवशी दुपारी भांडी उपडी घालून बयाबाई मागच्या दाराशी बसल्या होत्या. पडवीत आकाराम जेवत होता. राधानगरीकडच्या धनगरवाड्याजवळच्या गावाचा, काटकुळा, मॅट्रिकचा. भाकरीवर हिरवागार खर्डा, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खात होता.

बयाबाई नुसत्या बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "तोंड उघड."

"आं?"

"उघड म्हणतो न्हवं!"

आकारामनं घास गिळून तोंड उघडलं. जीभ खर्ड्यानं हिरवी, पण धड. ओठ धड. बयाबाईंनी हाका मारून उरलेले अकरा जमवले. बाराही पोरांची तोंडं त्यांनी बैल विकत घ्यायला आल्यासारखी तपासली. एकालाही चीर नाही.

"झोपता कुठं रं तुमी?"

"हालमधीच की. समद्यांच्या संगं."

"पाणी?"

"हौदाचं."

"आमटी माझीच?"

"तुमचीच, आक्का. आता जरा मिळमिळीत असतीया, पर तुमचीच."

म्हणजे भांडं नव्हे, पाणी नव्हे, आमटी नव्हे. हात तर नव्हेच नव्हे. हाच हात बाराजणांना वाढत होता. बयाबाईंना एवढा आनंद झाला की त्या उठून उभ्या राहिल्या. आणि उभ्या राहिल्यावर पुढचा विचार आला, तशा परत खाली बसल्या. या बारांना जे मिळत नाही आणि त्या अडतिसांना जे दोन वेळा मिळतं, असं या स्वयंपाकघरात एकच होतं.

त्यांचा भात.

जोतीराम म्हशीला घासत होता. बायको अशी गप्प बसलेली त्यानं लग्नानंतर पहिल्यांदाच बघितली असावी.

"काय झालं गं?"

"अवं, ही म्हस एवढी तजेलदार कशानं झाली?"

"माझ्या हातानं."

"खरं सांगा की."

"खरं सांगू? तुझ्या घमेल्यानं. अंगावर माशी बसली तर घसरतीया. ह्या साली जरा जास्तच. पैल्या सालांत रेशनचा तांदूळ तू एकदाच धूत हुतीस, नासाडी नको म्हणून, आणि पेजबी आमटीत जात हुती. तवा घमेल्यात काय पडत नव्हतं. आणि तवा पोरांची तोंडंबी येत नव्हती, म्हशीच्या बरगड्या दिसत हुत्या." तो हसला. "आता उलटं झालंय."

तो गमतीनं बोलला होता. बयाबाई हसल्या नाहीत.

आज शाळेतली पोरगीसुद्धा सांगेल, तांदळाच्या कोंड्यात, पेजेत, पालेभाजीत 'ब' जीवनसत्त्व असतं, ते पाण्याबरोबर वाहून जातं, सोड्यानं मरतं. बयाबाईंना तो शब्द ठाऊक नव्हता. शब्द ठाऊक असलेल्या आपण शिकलेल्या बायका अजून तांदूळ चार पाण्यांनी धुतो आणि भाजी चिरून नळाखाली धरतो, तेव्हा शब्दांचं फार कौतुक नको. बयाबाईंनी बघितलं आणि हिशेब मांडला. तो हिशेब स्वतःच्या विरुद्ध निघाला, तरी खोडला नाही. एवढं किती जणांना जमतं, ते सांगा.

दुसऱ्या दिवशी तांदूळ एकदाच धुतला गेला. पाणी बेताचं, जेवढं भातात जिरेल तेवढंच, वेळणी खुंटीवर. मुळा आला तो पाल्यासकट, भाजी अख्खी धुऊन मग चिरली, डाळीतला सोडा बंद. डाळ तासभर आधी भिजत घातली की आपोआप शिजते, त्याला सोडा कशाला? संध्याकाळी भाताच्या जोडीला एकेक ज्वारीची भाकरी आणि मोड आलेल्या मटकीची उसळ. चाळीस भाकऱ्या थापायच्या म्हणजे खांदे भरून येतात. जोतीरामला त्यांनी चुलीतला जाळ सारायला बसवलं. दरबारच्या घोड्यांचा माणूस, पण बसला.

पाटावर ताटं आली. भात चिकट, जरा पिवळसर, गोळा झालेला. शेजारी भाकरी. क्षणभर कुणी हात लावला नाही. मग बाळासो उठला.

"आमी काय गठुळ्याची पोरं हाय व्हय?" त्यानं ताट पायानं नव्हे, पण हातानं असं सारलं की ते भिंतीला आपटलं. "भाकरी खायाची तर घरी काय कमी हुती? बाऽनं फी भरल्या ती भातासाठी."

त्याच्या पाठोपाठ पंधरा-वीस ताटं सरली. मागच्या पडवीत बाराजण खाली माना घालून बसले होते. "गठुळ्याची पोरं" हे त्यांना रोज ऐकू येई. पण असं, भाकरीला शिवी दिल्यासारखं, नव्हे. बयाबाईंनी ते बघितलं. बाळासोला त्यांनी एवढंच म्हटलं, "उपाशी नीज. सकाळी भूक लागंल."

पोरं उपाशी निजली नाहीत. हॉटेलात जाऊन भजी खाऊन आली. आणि सकाळी शिष्टमंडळ घेऊन बाळासो हंबीररावांच्या घरी गेला.

हंबीरराव दुपारच्या पंगतीलाच आले. काठी आपटत.

"बयाबाई, हा काय प्रकार आहे? पोरं म्हणतात, बोर्डिंगात जनावरांचं खाणं मिळतंय."

"बरोबर म्हणत्यात, साहेब," बयाबाई म्हणाल्या. "इतके दीस जनावराला जे घालत हुतो, ते आता ह्यास्नी घालतोय."

हंबीररावांची काठी थांबली. "शुद्धीवर आहात ना?"

"बोलत बसत न्हाय, दावतो. उठा रं समदी! फीची पोरं ह्या भिताडाला, गठुळ्याची त्या. पाठ लावून उभी ऱ्हावा. आता जिभा काढा."

पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"काढा म्हणतो न्हवं! साहेबांनी तुमच्यापरास लांब जिभा बघितल्यात कचेरीत."

कुणीतरी खुदकन हसलं आणि जिभा निघाल्या. सदतीस एका बाजूला, बारा दुसऱ्या. हंबीररावांनी चष्मा चढवला आणि परेड तपासावी तशी रांग तपासायला सुरुवात केली. फीच्या बाजूला दर तिसरी-चौथी जीभ सोडली तर सगळ्या लाल, सोललेल्या, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा. ते वळले. पलीकडच्या भिंतीशी बारा जिभा, बारा धड तोंडं. हंबीरराव रांगेच्या टोकापर्यंत गेले, परत आले, आकारामपुढे थांबले.

"हा हिरवा काय?"

"खर्डा, साहेब," आकाराम जीभ आत न घेताच म्हणाला.

"एकाच भांड्यातली आमटी खात्यात ही दोन्ही," बयाबाई म्हणाल्या. "हात घाण असता तर ह्या बाराजणांनी काय अंबाबाईला नवस केलाय व्हय, त्यास्नी बाधू नये म्हणून?"

"मग फरक कशाचा?"

इथं बयाबाई थांबल्या. सगळी पोरं ऐकत होती. दारात जोतीराम उभा होता. चुलीपाशी जाऊन त्यांनी एक लहान परात आणि एक तांब्या आणून हंबीररावांपुढे ठेवला. सकाळी मुद्दाम एक मापटं तांदूळ त्यांनी पूर्वीच्या रीतीनं केला होता. पाच पाण्यांनी धुऊन, वेळून. परातीत तोच भात, मोकळा, पांढराशुभ्र. तांब्यात त्याची पेज.

"ह्यो माझा भात," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच मोठा होता, उलट जरा जास्तच. "ह्यो बघाय लोक येत हुते. मला लई बरं वाटायचं. ह्यातलं जे काय चांगलं हुतं त्ये मी आदी धुऊन काढलं, उरलं त्ये ह्या पेजंत गाळून काढलं, आणि म्हशीला पाजलं. पोरांच्या पुढं नुसता देखणा भात ठेवला. ही तोंडं माझ्यामुळं आली. हात घाण न्हवता. हात जरा जास्तच स्वच्छ हुता."

मग हंबीरराव हळूच म्हणाले, "म्हणजे मी आणलेला तांदूळ वाईट, असं म्हणता?"

"तांदूळ तुमी आणला, धुतला मी. तीनदा सडलेला तांदूळ तुमी पसंत केला ही निम्मी चूक तुमची, निम्मी माझी. माझी मी कबूल केली. तुमचं तुमी बघा."

मामलेदाराला असं तोंडावर सांगणारं माणूस त्या बोर्डिंगात नव्हतं, बहुधा तालुक्यातही नसावं. दारातून जोतीराम अदबीनं म्हणाला, "साहेब, म्हशीचीबी जीभ दावू का?"

आधी गठुळ्याची पोरं हसली, मग फीची. हंबीरराव हसले नाहीत, पण त्यांनी वाकून तांब्या उचलला, वाटीत पेज ओतली आणि प्याले.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

"म्हशीला मीठ लागत न्हाय, साहेब."

आता मात्र ते हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "पाडव्यापर्यंत तुमच्या मनासारखं चालवा. पाडव्याला मी डॉक्टरांना घेऊन येतो. त्या दिवशी तोंडं अशीच दिसली, तर गुंडू आचारी बसेल."

"बसू द्या. पर मग माझं आणिक एक ऐका. म्हशीच्या दुधातलं निम्मं चहाला जातंय. त्याचं दही लावतो, पोरांस्नी ताक मिळू दे. आणि ह्या बाराजणांनी आत बसायचं. फीची आणि गठुळ्याची, एक आड एक."

"हे कशाला?"

"शेजाऱ्याची भाकरी बघून भाकरी खावीशी वाटती, म्हणून."

कारण तेवढंच नव्हतं, हे हंबीररावांना कळलं असावं. त्यांनी मान हलवली.

लगेच जादू झाली असं समजू नका. पोट म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. पहिले आठ दिवस पोरं कुरकुरत जेवली. पंधराव्या दिवशी तिसरीचौथीतल्या धाकट्या पोरांच्या चिरा मिटू लागल्या. पाटावर एक आड एक बसल्यावर अदलाबदल सुरू झाली. कुणाच्या आईचा खर्डा, कुणाच्या आईची अंबाड्याची भाजी. फीची पोरं सकाळी स्टँडवर गठुळी आणायला सोबत जाऊ लागली. भाताला पिवळा म्हणायचं ती विसरली, आणि बयाबाईंनीही त्या चिकट भाताला वळण लावलं. पाण्याचा अंदाज असा बसवला की पेजही जिरावी आणि गोळाही होऊ नये. हंबीररावांनी नवा तांदूळ एकदाच सडून आणायला सुरुवात केली. गिरणीवाल्यानं विचारलं, "साहेब, एवढा लाल? घरात काय अडचण?" ते त्याच्याशी भांडून आले म्हणतात.

बाळासो मात्र हट्टाला पेटला. तो पाटावर बसे, ताटातली भाजी तेवढी चिवडे आणि मग हॉटेलात जाऊन पाव खाऊन येई. सगळ्यांची तोंडं निवळली आणि त्याचं एकट्याचं राहिलं. आता तर बोलतानाही चीर उकले, म्हणून त्याचं बोलणं कमी झालं. हा एक फायदा. बयाबाई त्याला काही बोलल्या नाहीत. पण पाडव्याला वीस दिवस उरले आणि त्यांना झोप लागेना. डॉक्टर येणार, आणि एक तोंड तरी लाल दिसणार. हंबीररावांनी "तोंडं अशीच दिसली तर" म्हटलं होतं. किती तोंडं, ते कुठे म्हटलं होतं?

शेवटी आकारामनं ते केलं. शेजारी बसून त्यानं आपल्या भाकरीचा अर्धा तुकडा बाळासोच्या ताटात टाकला आणि म्हणाला, "पाटील, तुमच्या तोंडापायी आक्काची चूल जायाची हाय. ठाव हाय न्हवं? जेवा, न्हायतर मॅट्रिकला इंग्रजी शिकवायचं बंद."

बाळासोचं इंग्रजी आकारामवर चाललं होतं. त्यानं भाकरी तोडली. ताक प्याला. रोज दोन वाट्या उसळ खाऊ लागला. हट्ट होता तसाच, फक्त त्याचं तोंड भाकरीकडे फिरलं. पाडव्याच्या तीन दिवस आधी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आक्का, खर्डा हाय का?"

बयाबाईंनी हातातली परात खाली ठेवली. "कशाला?"

"आमटी मिळमिळीत लागतीया."

बयाबाई तोंडातल्या तोंडात काय पुटपुटल्या ते कळलं नाही, पण पाट्यावर मिरच्या मात्र तेव्हाच आल्या.

पाडव्याला गुढी उभी राहिली. हंबीरराव सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन आले. पन्नास पोरं भिंतीला उभी राहिली. कागलकडचा तो पोरगाही बापानं परत आणून सोडला होता. डॉक्टरांनी एकेकाची जीभ बघितली, पापण्या उलटून बघितल्या, वहीतलं जुनं काही चाळलं.

"जानेवारीत माझ्याकडे इथली दहा पोरं आली होती," ते म्हणाले. "मी गोळ्या लिहून दिल्या होत्या. कुणी घेतल्या?"

एकानंही घेतल्या नव्हत्या.

"मग बाई, तुम्ही दिलंत काय?"

"दिलं काय न्हाय, डॉक्टरसाहेब," बयाबाई म्हणाल्या. "टाकत हुतो, ते टाकायचं थांबिवलं."

डॉक्टरांनी वही मिटली आणि हंबीररावांकडे बघितलं. हंबीररावांनी गुढीकडे बघितलं. एवढ्यात दारात सायकलची घंटी वाजली. गुंडू आचारी! मागच्या कॅरियरला झारे, पळ्या, उलथनी धोतरात बांधलेली. कमिटीनं त्याला पाडव्यापासून ये म्हणून सांगितलं होतं. नको येऊ म्हणून सांगायचं सगळेच विसरले होते.

हंबीररावांचं तोंड बघण्यासारखं झालं. बयाबाई पुढे झाल्या.

"या पावणं. हत्यारं ठेवा भाईर. पुरणपोळी हाय, जेवाय बसा."

गुंडू बसला. ताटात पुरणपोळी, कटाची आमटी, मुळ्याची कोशिंबीर पाल्यासकट, आणि भात. भात त्यानं बोटानं दाबून बघितला. धंद्यातला माणूस, लगेच ओळखलं.

"बयाक्का, ह्यो वेळला न्हाय. आणि धुतलाबी न्हाई नीट."

"आदी जेवा, मग बोला."

तो जेवला. दोनदा भात घेतला. हात धुऊन झाल्यावर बराच वेळ सुपारी कातरत बसला, आणि मग बयाबाईंना बाजूला बोलावून हळू आवाजात म्हणाला, "आमच्याकडंबी पोरांची तोंडं आल्यात. चाळीसभर. कमिटी माझ्यावर चिडल्या. म्हणून तर हिकडं यायला हो म्हणालो."

बयाबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. त्यांची चूल घ्यायला आलेला माणूस, आणि त्यांच्यासारखाच घाबरलेला.

"पोरं किती हाईत?"

"साठ."

"आणि म्हशी?"

"तीन."

"तजेलदार?"

गुंडूनं मान वर केली. त्याला काय समजायचं ते समजलं.

बयाबाईंनी त्याला हात धरून चुलीशी नेलं, संध्याकाळच्या तांदळाचं पातेलं त्याच्यापुढे ठेवलं आणि पाणी ओतलं. गुंडूनं तांदूळ चोळून धुतला, पाणी ओतलं, आणि सवयीनं दुसरं पाणी घ्यायला तांब्या बुडवला. बयाबाईंचा आवाज दसरा चौकापर्यंत गेला असेल.

"एकदा म्हणालो न्हवं!"

हॉलमध्ये डॉक्टर, हंबीरराव आणि पन्नास पोरं एकदम चुलीकडे बघू लागली. मग बाळासो मोठ्यांदा म्हणाला, "आमच्या आक्का शिकिवत्यात." त्यानं ते अशा थाटात सांगितलं, की जणू भाकरी खायची अक्कल त्यालाच पहिल्यांदा सुचली होती.